वेल्ड शॉपला रोबोट येतायत आणि करारही तोंडावर आलाय, युनियनने नेमकं काय मागायचं?

चाकण_वेल्डर:

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण वाचा, आणि ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी नक्की सांगा. मी चाकणला ऑटो पार्टच्या एका कंपनीत पर्मनंट आहे, वेल्ड शॉपला. कंपनीचं नाव लिहीत नाही. यंदा पहिल्यांदाच कमिटीवर निवडून आलोय, आमची इंटर्नल युनियन आहे. आधीचा करार संपलाय, मागणीपत्र अजून द्यायचंय, आणि नेमकं त्याच वेळेला नवीन मॉडेलची लाइन बसतेय जी पूर्ण रोबोटची आहे. फाउंडेशन झालं, सेल (रोबोट, त्याचं टेबल आणि कुंपण मिळून एक युनिट) कुठे बसणार त्याचे पिवळे पट्टे पण मारून झालेत.

मॅनेजमेंट सांगतं एकही माणूस कमी होणार नाही. आणि मागच्या वेळी दोन सेल आले तेव्हा खरंच पर्मनंट कुणी गेला नाही. पण झालं काय, ज्या लाइनला आधी सहा जण हाताने सीओटू वेल्डिंग मारायचे तिथे आता दोघं फिक्श्चरला (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याला) पार्ट लावतात-काढतात आणि एक जण शेवटी उभा राहून स्पॅटर (उडून चिकटलेले वेल्डचे थेंब) खरवडतो, रोबोटचा टॉर्च पोचत नाही तिथे हाताने मारतो. बाकीचे सगळे काँट्रॅक्टचे होते, ते महिन्याभरात दिसेनासे झाले. काढलं असं कुणी म्हणालं नाही, कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्या साइटला पाठवलं म्हणे. आमच्यातले सिनियर रिटायर झाले त्यांच्या जागी पण कुणी भरलं नाही. युनियनची वर्गणी गोळा करायला बसलं की कळतं, पावतीपुस्तक दरवर्षी बारीक होत चाललंय.

जे उरले त्यांचं काम पण बदललं. आधी वेल्डर स्वतःच्या हिशोबाने जॉब घ्यायचा, मान अवघडली तर हेल्मेट वर करून दोन मिनिटं उभा राहायचा. आता रोबोट एका बाजूला मारत असतो तोवर दुसऱ्या बाजूला पार्ट बसलाच पाहिजे, नाहीतर टेबल फिरत नाही, अँडॉनला (लाइनवरच्या इशाऱ्याच्या दिव्याला) लाल लागतं आणि शिफ्ट इंचार्ज धावत येतो. पाणी प्यायला जायचं तर बाजूच्याला सांगून जावं लागतं.

कमिटीत दोन मतं आहेत. काही जण म्हणतात रोबोटला सरळ विरोध करायचा, लाइन चालूच होऊ द्यायची नाही. बाकीचे म्हणतात रोबोट येणारच आहेत, त्या बदल्यात वाढ जास्त घ्यायची, चार पैसे पदरात पाडून घ्यायचे. मला दोन्ही पटत नाही पण मग मागायचं काय ते पण सुचत नाहीये. आणि कायदा बदललाय म्हणतात, मशीन आणायच्या आधी नोटीस द्यावी लागते का नाही, ते पण कुणीतरी नीट सांगा.


जुना_कमिटीवाला:

भाऊ, तू लिहिलंस त्यात सगळं आलंय, फक्त एक गोष्ट वेगळी करून बघ. मॅनेजमेंट माणूस काढत नाही, जागा काढते. माणूस काढला की गेटवर बोंब होते, पेपरात येतं, लेबर ऑफिसला जावं लागतं. जागा काढली की कुणालाच कळत नाही. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या किती युनियन अशाच संपल्यात, संप नाही, टाळेबंदी नाही, रिटायरमेंटचे नारळ देता देता संपल्या.

त्यामुळे पहिली मागणी पगाराची ठेवूच नका. करारासोबत एक परिशिष्ट जोडायला लावा, लाइनप्रमाणे, शिफ्टप्रमाणे मंजूर मनुष्यबळ किती, त्यात पर्मनंट किती, आणि रिटायर झालेली किंवा राजीनामा दिलेली जागा किती दिवसात भरायची. हे कागदावर असलं तर रोबोट आल्यावर आकडा बदलायला त्यांना तुमच्याकडे यावंच लागतं. कागदावर नसेल तर तुम्ही भांडणार कशावरून? "आधी इथे सहा जण होते" हे तोंडी कोण मानतो.

दुसरं फार महत्त्वाचं, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे एका करारात शेवटच्या पानावर एक वाक्य होतं, उत्पादकता वाढीसाठी आवश्यक ते सर्व तांत्रिक बदल व मनुष्यबळाची फेररचना करण्यास युनियनची संमती राहील, असलं काहीतरी. त्या वर्षी वाढ चांगली मिळाली होती, सगळे खूश, गुलाल उधळला, त्या वाक्याकडे कुणी बघितलं नाही. पुढची चार वर्षं प्रत्येक वेळी आम्ही आक्षेप घेतला की एचआर ते पान उघडून समोर ठेवायचा. तुमच्या जुन्या करारात असं कलम आहे का आजच बघा. असेल तर ते काढून टाकणं हीच मोठी मागणी आहे, दोन हजार रुपये वाढीपेक्षा मोठी.

तिसरं, रोबोट चालवणारा कोण? नवीन लाइनला डिप्लोमावाली पोरं घेऊन त्यांना स्टाफ ग्रेड देतील, सिनियर असोसिएट नाहीतर टेक्निकल एक्झिक्युटिव्ह असं काहीतरी पद देतील. काम तेच, बटण दाबायचं आणि पेंडंट (रोबोटचा हातातला कंट्रोलर) धरायचा, पण तो तुमचा मेंबर होऊ शकत नाही. लिहून घ्या की सेलवरचं प्रत्येक काम, लोडिंगपासून प्रोग्रॅम टच-अपपर्यंत, कामगार श्रेणीतच राहील. हे सुटलं तर दहा वर्षांनी शॉप फ्लोअरवर युनियनचा माणूस म्हणजे झाडू मारणारा आणि ट्रॉली ढकलणारा एवढाच उरेल.


श्रमकायदा_पुणे:

वरच्या काकांनी कलमाचं सांगितलं ते कायद्याने पण तसंच आहे, म्हणून जोडून लिहिते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्यात. औद्योगिक संबंध संहितेचं कलम ४० म्हणजे आधीच्या औद्योगिक विवाद कायद्यातलं ९अ, सेवाशर्तीत बदल करायचा तर मालकाने आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं. कुठल्या बदलांना हे लागू, त्याची यादी तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्यात यंत्रसामग्री किंवा कामाच्या पद्धतीत सुधारणा आहे, पण त्यापुढे शेपूट आहे, ज्यामुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे अशी सुधारणा. इथेच सगळे अडकतात. मॅनेजमेंट म्हणतं आम्ही कुणाचीच कपात करत नाही मग नोटीस कशाची. आणि काँट्रॅक्टचा मुलगा परत गेला तर ती कागदावर त्यांनी केलेली कपात धरली जात नाही.

म्हणून त्याच यादीतली पुढची नोंद बघा. एखाद्या कामात, प्रक्रियेत, विभागात किंवा शिफ्टमध्ये माणसांची संख्या वाढवणं किंवा कमी करणं, ते नैमित्तिक नसेल आणि मालकाच्या हातातल्या कारणाने होत असेल, तर त्यालाही नोटीस लागते. इथे कपातीचा शब्द नाही. वेल्ड शॉपच्या एका शिफ्टला सहाचे तीन होणार असतील तर तुमचं पत्र या नोंदीवर लिहा, पहिल्यावर नको.

आणि आता ते कलम. कराराप्रमाणे बदल होत असेल तर नोटीस लागतच नाही, हा अपवाद कलम ४० मध्येच आहे. म्हणजे "तांत्रिक बदलांना संमती" असं एक वाक्य सही करून दिलं की २१ दिवसांचा हक्क तुम्हीच सोडलात. कोर्टात हे सगळ्यात आधी दाखवतात.

अजून काही गोष्टी थोडक्यात. कपातीसाठी सरकारची परवानगी आधी १०० कामगारांपासून लागायची, आता ३०० पासून. त्याखालच्या कारखान्यात नोटीस आणि भरपाई दिली की झालं, भरपाई म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. रिस्किलिंग फंडाचं नाव ऐकलं असेल, तो कपात झालेल्यालाच मिळतो, शेवटच्या पगाराच्या हिशोबाने १५ दिवसांचे पैसे. म्हणजे नोकरी गेल्यावर. नोकरीत असताना शिकवायचं बंधन त्यात कुठेही नाही, ते करारातच मिळवावं लागेल. सुपरवायझरचं काम करणारा आणि १८,००० च्या वर पगार असणारा कामगार व्याख्येतून बाहेर जातो, त्यामुळे पदनामाबद्दल वर जे लिहिलंय ते हलक्यात घेऊ नका.

मागणीपत्र लवकर द्या. वाद समेट अधिकाऱ्यापुढे गेला की तो चालू असेपर्यंत वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. लाइन सुरू झाल्यावर मागणीपत्र दिलंत तर बदल आधीच होऊन गेलेला असेल.


पेंडंटवाला:

मी रोबोट सेल बसवणाऱ्या कंपनीत आहे, म्हणजे समोरच्या बाजूचा समजा, पण माझे वडील फिटर होते आणि मला वाटतं हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे.

पिवळे पट्टे मारलेत म्हणजे ऑर्डर जाऊन बरेच महिने झालेत. माणसं किती लागणार हे पट्ट्यांच्या कितीतरी आधी ठरतं. आम्ही जो प्रपोजल देतो त्यात सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) असतो, फिक्श्चर किती, रोबोट किती, आणि एका पानावर पेबॅकचा हिशोब असतो, प्रत्येक शिफ्टला किती ऑपरेटर वाचणार गुणिले त्यांचा खर्च. मशीनचे पैसे किती वर्षात सुटतात ते त्यावरून निघतं आणि फायनान्सवाले तेवढंच एक पान नीट वाचतात. म्हणजे तुम्हाला "एकही माणूस कमी होणार नाही" सांगतात तेव्हा आकडा त्यांच्याकडे लिहिलेला असतो. मिटिंगला तो मागा. नवीन लाइनचा लेआउट आणि मॅनपॉवर शीट युनियनला ऑर्डर देण्याआधी दाखवायची, असं करारात टाका, या लाइनला उशीर झाला असेल पण पुढचं मॉडेल येणारच आहे.

आता तुम्ही पाणी प्यायला जाता येत नाही लिहिलंय ते. हाताने वेल्डिंगची टाइम स्टडी करतात तेव्हा थकव्याचा, वैयक्तिक गरजेचा अलाउन्स, म्हणजे जादा वेळ, धरतात, स्टँडर्ड टाइममध्ये तो मिसळलेला असतो. सेलचा सायकल टाइम मशीनवरून काढतात आणि मशीन थकत नाही, त्यामुळे लोडिंग करणाऱ्या माणसाचा अलाउन्स बऱ्याच वेळा कुणी धरतच नाही. ट्रायलला आम्ही स्पीड ओव्हरराइड (रोबोटच्या वेगाची टक्केवारी) कमी ठेवतो, लाइन सेट झाली की शंभर टक्के करतात आणि मग प्रॉडक्शनवाले प्रोग्रॅममधून अजून दोन-तीन सेकंद काढायला लावतात. एक-एक सेकंद काढला तर कुणाला जाणवत नाही पण लोडिंगवाल्याच्या खांद्याला जाणवतो. लोडिंग स्टेशनची वेगळी टाइम स्टडी युनियनसमोर करायची, सायकल टाइम बदलला तर परत करायची, आणि काही सेलमागे एक रिलीव्हर (थोडा वेळ जागा घेणारा माणूस), हे तीन मुद्दे टाका. आयई (इंडस्ट्रियल इंजिनियरिंग) डिपार्टमेंटला यातलं सगळं माहिती असतं, ते नाही म्हणू शकत नाहीत.

सेफ्टीचं पण बघा. टीच मोडला (रोबोटला हालचाल शिकवताना) रोबोट सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ नये असा नियम आहे, पेंडंटचं मागचं बटण सोडलं किंवा घाबरून जोरात आवळलं तरी तो थांबला पाहिजे. पण टार्गेटच्या नादात दाराचा इंटरलॉक (दार उघडलं की रोबोट थांबवणारं स्विच) बायपास करून आत शिरलेली माणसं मी बघितलीत, टिप बदलायला, अडकलेली वायर काढायला. बायपासची चावी कुणाकडे हे लिहून घ्या.

आणि एक मनापासून. रोबोटला नुसता विरोध करू नका. दिवसभर तो धूर छातीत जाणं, रात्री डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होणं, बटाट्याच्या चकत्या डोळ्यावर ठेवून झोपणं, हे माझ्या वडिलांच्या दोस्तांचं मी लहानपणी बघितलंय. ते काम मशीनने करावंच. पण चांगला वेल्डर पेंडंट शिकला तर आमच्या इंजिनियरपेक्षा भारी प्रोग्रॅम करतो, कारण टॉर्चचा अँगल, वायर किती बाहेर ठेवायची, पडल (वितळलेला धातू) कुठे खाली बसतो हे त्याच्या हाताला माहिती असतं. आम्ही सेल देताना ट्रेनिंग देतोच, पण कंपनी त्याला दोन नवीन इंजिनियर पाठवते आणि ते वर्षभरात नोकरी बदलून जातात. ट्रेनिंगला वेल्डर पाठवायचे, सिनियॉरिटीने, ड्युटीच्या वेळेत, हे मागा. कंपनीचाही फायदाच आहे.


निवृत्त_कारकून:

बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि तिथेच रिटायर झालो, संघटनेचं कामही केलं. कारखान्याचं मला माहीत नाही पण हा प्रश्न आमच्यावर येऊन गेलाय म्हणून लिहितो.

आमच्याकडे विरोध आणि पैसे यांच्यातला मधला रस्ता काढला होता. ८ सप्टेंबर १९८३ ला बँक असोसिएशन आणि आमच्या संघटनांचा यांत्रिकीकरणाचा करार झाला. कुठली मशीन, किती, कुठल्या कामाला, हे त्यात ठरलं. मशीनवर बसणारा आमच्यातलाच क्लार्क असणार आणि त्याला स्पेशल अलाउन्स मिळणार हेही. मग २९ ऑक्टोबर १९९३ ला पुढचा करार झाला आणि शाखांमध्ये संगणक वाढले. लेजरच्या जाडजूड वह्या ओढून ज्यांची कंबर गेली होती ती माणसं पोस्टिंग मशीनवर बसली आणि शिकली, पन्नाशीतली माणसं शिकली. एकाचीही नोकरी संगणकामुळे गेली नाही. लोक तेव्हा आम्हाला प्रगतीच्या आड येणारे म्हणायचे, पण मला त्या कराराचा आजही अभिमान आहे.

पण तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढचंच आहे. आम्ही आतल्या माणसाला जपलं, दरवाज्याकडे लक्ष कमी पडलं. नंतर क्लार्कची भरती वर्षानुवर्षं जवळजवळ थांबली. २०००-०१ ला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) आली आणि देशभरात सरकारी बँकांमधून लाखभर माणूस एका झटक्यात बाहेर पडला, स्वखुशीने. एटीएमचं सगळं काम बाहेरच्या एजन्सीकडे गेलं, २००६ पासून बिझनेस करस्पॉन्डंट आले, गावोगाव तेच पैसे देतात घेतात, काम बँकेचंच, माणूस बँकेचा नाही. संघटना आजही आहे, संप करते, पण बँकेचं बरंच काम आता तिच्या हातात नसलेल्या माणसांकडून होतं.

तेव्हा अलाउन्स जरूर घ्या, पण भरतीचं कलम अलाउन्सच्या आधी लिहा.


सात_महिने:

सगळं वाचलं. मी काँट्रॅक्टवाला आहे म्हणून आमच्या बाजूने पण लिहितो, राग मानू नका.

मी नांदेड जिल्ह्यातला, आयटीआय वेल्डर. महाळुंग्याला रूम करून चौघं राहतो. आतापर्यंत चार कंपन्या झाल्या, कुठेच वर्ष भरू देत नाहीत, सहा-सात महिने झाले की ब्रेक, मग कॉन्ट्रॅक्टरचं नाव बदलतं नाहीतर कंपनी बदलते. २४० दिवस भरले तर हक्क लागतो म्हणून. आधी ट्रेनी म्हणून घ्यायचे, आता फिक्स टर्म (ठरावीक मुदतीची नोकरी) म्हणतात, आमच्यासाठी फरक म्हणजे कार्डाचा रंग वेगळा. फिक्स टर्मला एक वर्षावर ग्रॅच्युइटी मिळते असं ऐकलं, पण वर्ष भरलं तर ना.

मागच्या कंपनीत सेल आला तेव्हा मला आणि अजून दोघांना प्रोग्रॅम करणाऱ्या इंजिनियरच्या हाताखाली दिलं होतं, पार्ट लावून दाखवायचा, वेल्ड कुठे खातंय कुठे सुटतंय ते सांगायचं. आम्हीच सांगितलं की हा कोपरा आधी मारा नाहीतर ब्रॅकेट ओढतं. ते सगळं प्रोग्रॅममध्ये गेलं. लाइन ओके झाली त्याच्या दुसऱ्या सोमवारी कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने गेटवरच सांगितलं उद्यापासून येऊ नका, पगार खात्यावर येईल. हेल्मेट आणि ग्लव्ह्ज आत लॉकरला राहिले होते ते पण सिक्युरिटीने आणून दिले, आत जाऊ दिलं नाही.

त्या कंपनीत युनियन होती. कमिटीतले दादा चांगले होते, चहाला बोलवायचे, लग्नाला पण बोलवलं. पण आमचं काय होणार हे कधी कुणी काढलं नाही, आणि त्यांच्या करारात वाढ झाली त्याच महिन्यात आम्ही बाहेर गेलो. मी त्यांना दोष देत नाही, त्यांची पण घरं आहेत, लोनं आहेत. पण दादा तुम्ही म्हणता मेंबर कमी होतायत, तर तुमच्या शेजारी उभा राहून तेच काम करणारे दुप्पट-तिप्पट लोक आहेत, त्यांना कधी विचारलंत का मेंबर होता का म्हणून. ज्या दिवशी लाइन बंद करायची वेळ येईल त्या दिवशी मॅनेजमेंट आम्हालाच उभं करणार तुमच्या जागेवर, आणि आम्ही उभे राहू, कारण आम्हाला घरी पैसे पाठवायचे असतात.

माझं म्हणणं एवढंच की नवीन सेलला लोडिंगला जे दोघं-तिघं लागतील ती माणसं बाहेरून नका आणू देऊ, ज्यांनी ती लाइन हाताने चालवली त्यातलेच घ्या, आणि त्यांना पर्मनंट करा. सगळ्यांना नाही जमणार ते आम्हाला पण कळतं.


लालबाग_परळ:

सात_महिने, तुमचं वाचून राहवलं नाही. आमचं घर चार पिढ्या गिरणीचं. १९२८ चा संप लोक पगाराचा म्हणून सांगतात पण मुळात तो ह्याच कारणाचा होता. मालकांनी विणकराला दोन मागांऐवजी तीन माग द्यायचं ठरवलं, कताई खात्यात एकाला मशीनच्या दोन बाजू सांभाळायला लावल्या, त्याला रॅशनलायझेशन म्हणायचे. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. माग बंद करा अशी मागणी नव्हती. एकाला तीन दिले तर बाकीच्यांनी जायचं कुठे आणि जो उरला त्याने तेवढं ओढायचं कसं, हा प्रश्न होता. शेवटी सरकारला फॉसेट समिती नेमावी लागली. गिरणी कामगार युनियन त्या संपातून उभी राहिली आणि पन्नास हजारांच्या वर सभासद झाले.

गिरणीतही बदली कामगार होतेच, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. बदलीवाला आणि कायमवाला एकाच चाळीत, एकाच खोलीत, एकाच खानावळीत जेवणारे. त्यामुळे संपाच्या वेळी फोडायला अवघड जायचं. आता पर्मनंटवाल्याचा फ्लॅट मोशीला आणि काँट्रॅक्टवाल्याची रूम महाळुंग्याला, बस वेगळी, कँटीनचं कूपन वेगळं. चाकणच्या युनियननी आधी ही दोन टोकं जोडली पाहिजेत, मग रोबोटचं बघता येईल.


बंदर_न्यूजर्सी:

मी इकडे एलिझाबेथ बंदराच्या जवळ राहतो, लॉजिस्टिक्समध्ये आहे. २०२४ च्या ऑक्टोबरला इथल्या गोदी कामगारांनी तीन दिवस संप केला, पगाराइतकाच ऑटोमेशनचा मुद्दा होता. सहा वर्षांत ६२ टक्के वाढ ठरली तरी सही झाली नाही, मशीनचं कलम ठरेपर्यंत बोलणी जानेवारी २०२५ पर्यंत चालली. म्हणजे पैसे आणि मशीन हे दोन विषय वेगळे ठेवले, एकाच्या बदल्यात दुसरा सोडला नाही. तुमच्या कमिटीतल्या "वाढ घेऊन मोकळे व्हा" वाल्यांना हे सांगा.

पश्चिम किनाऱ्यावर १९६० साली कंटेनर यायच्या वेळी असाच करार झाला होता, मालकांनी फंड काढला, जुन्या नोंदणीवाल्यांची नोकरी पक्की. पण ब वर्गातले (अजून पूर्ण नोंदणी न मिळालेले) आणि रोजंदारीवाले त्या फंडाच्या बाहेर राहिले. सात_महिने लिहितात तेच, देश वेगळा.


चाकण_वेल्डर:

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना करार काढला. काकांनी म्हटलं तसं कलम आहेच, "आधुनिकीकरणास युनियन सहकार्य करेल व त्यानुसार होणारी मनुष्यबळ रचना मान्य राहील". सहा वर्षांपासून आहे आणि आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

सात_महिने भाऊ, तुझं वाचून दाखवलं कमिटीला. कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग आमच्या सेक्रेटरीने एक प्रश्न काढला आणि तो खरा आहे. एचआर नेहमी म्हणतो काँट्रॅक्टची माणसं तुमचा विषयच नाही, ते तुमचे मेंबर नाहीत, आमच्या मस्टरवर नाहीत, मागणीपत्रात घातलं तर आम्ही तो मुद्दा घेणारच नाही. याचं काय करायचं?


श्रमकायदा_पुणे:

एचआर अर्धं खरं सांगतोय. नवीन संहितेत वाटाघाटी करणारी युनियन ठरवताना आस्थापनेच्या मस्टरवरचेच कामगार मोजतात, त्यामुळे मान्यतेच्या गणितात कंत्राटी मुलं येत नाहीत. पण पर्मनंट कामगारांना तो विषय मांडता येत नाही हे खरं नाही. मुंबईच्या स्टँडर्ड व्हॅक्युम रिफायनरीत साफसफाई आणि देखभालीचं काम कंत्राटाने दिलं होतं, कंपनीच्या स्वतःच्या कामगारांनी ते कंत्राट बंद करून माणसं थेट घ्या अशी मागणी केली. कंपनीचं म्हणणं हेच, तुमचा काय संबंध. १९६० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं संबंध आहे, स्वतःच्या कामगारांना हा औद्योगिक वाद उभा करता येतो. पुढे १९७० च्या कायद्याने कंत्राटी पद्धत बंद करायचा अधिकार सरकारकडे गेला, त्यामुळे कोर्टाकडून थेट तसा आदेश मिळवणं अवघड झालं, पण मागणी करायला, वाटाघाट करायला आणि करारात लिहून घ्यायला काहीच आडवं येत नाही.

मांडताना "काँट्रॅक्टवाल्यांना न्याय द्या" असं नका लिहू, ते घेणार नाहीत. जागेबद्दल लिहा. वेल्ड शॉपमध्ये कायम स्वरूपाच्या इतक्या जागा आहेत, त्या कायम कामगारांनीच भरायच्या, आणि भरताना त्याच लाइनवर आधी काम केलेल्याला पहिला हक्क. जागा तुमच्या सेवाशर्तीशी जोडलेली आहे, तो तुमचाच विषय आहे.


जुना_कमिटीवाला:

बरोबर. आणि त्या पहिल्या हक्काला यादी लागेल. मागची दोन वर्षं त्या लाइनला कोण कोण होतं, नाव, आयटीआयचा ट्रेड, कॉन्ट्रॅक्टर कोण, कधीपासून कधीपर्यंत. ही माहिती एचआर देणार नाही, ती तुम्हीच गोळा करायची, शिफ्ट सुटल्यावर, बसस्टॉपला, रूमवर जाऊन. पीएफचा यूएएन (कायम राहणारा खाते नंबर) सगळ्यांकडे असतो, त्याच्या पासबुकात कुठल्या एस्टॅब्लिशमेंटने कुठल्या महिन्याचे पैसे भरले ते दिसतं, ते डाउनलोड करून ठेवायला सांगा. मुलं घाबरतील, नाव कुठे जाणार नाही एवढी खात्री आधी द्या. मागणीपत्र टाइप करायच्या आधी ही यादी करा, आणि सहकार्याचं ते जुनं कलम रद्द करायची मागणी एक नंबरला टाका. ड्राफ्ट झाला की इथे टाक, कंपनीचं नाव काढून, बघू सगळे मिळून.